श्वास थांबवलेलं गॅरेज

गॅरेजचं जुनं शटर उचकटायला माणसं आली तेव्हा हेमांगी इंगवले स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती. नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि नळीचं दुसरं टोक हॉलमधल्या यंत्रात. यंत्र दिवसभर घरघरायचं. नळी ओट्यापर्यंत पोचायची, झोपायच्या खोलीपर्यंत पोचायची आणि ताणली तर मागच्या अंगणातल्या तुळशीपर्यंत. काही वर्षांपूर्वीपर्यंत शाळेचे जिने धावत चढणाऱ्या या विज्ञानाच्या बाईंचं जग आता नळीच्या लांबीएवढं झालं होतं.

"काय हो," तिनं खिडकीतून हाक मारली, "माझ्या सवतीला महाल बांधताय म्हणे!"

एवढं बोलूनच तिला दम लागला. बाहेर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्यानं, उदयसिंहांनी, मान वळवली आणि ते हसले. "महाल कसला? तिजोरी म्हण."

सवत म्हणजे 'शिकरा'. पुण्याच्या एका छोट्या कारखान्यानं गेल्या शतकाच्या शेवटी मोजक्याच बांधलेल्या दोन आसनी स्पोर्ट्स गाड्यांपैकी एक. राखी रंग, लांब नाक, बसकी पाठ, आणि डोक्यावर छप्पर नाही. कारखाना लवकरच बंद पडला. उदयसिंहांनी ऐन पंचविशीत ही गाडी जुनी म्हणून घेतली, स्वतःच्या हातांनी इंजिन उतरवून पुन्हा चढवलं आणि घाटांतल्या शर्यतींमध्ये कप मिळवले. पुढे पंपांचा धंदा केला, तो वाढवला, विकला. पण शिकरा विकायचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नाही. आता चालू स्थितीतली शिकरा अख्ख्या महाराष्ट्रात ही एकच राहिली होती.

पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावरून हद्दपार होऊनही बरीच वर्षं लोटली होती. जुन्या, दुर्मीळ गाड्या घरी ठेवायला सवलत होती. पण एका मोठ्या शहरात बिल्डिंगच्या तळघरातल्या अशाच एका गाडीनं पेट घेतला, माणसं दगावली, आणि नियम बदलला. अशी गाडी यापुढे ठेवायची तर मोहोरबंद, ऑक्सिजन काढून घेतलेल्या खोलीतच ठेवायची. तिथे ऑक्सिजन नाही म्हणून काही पेटत नाही, गंजत नाही, रबर कडक होत नाही. हे ज्याला जमणार नाही त्यानं गाडी सरकारजमा करायची, आणि जमा झालेल्या गाडीचा तिथे चुरा व्हायचा.

उदयसिंहांना दुसरा पर्याय सुचलाच नाही. नागाळा पार्कातल्या त्यांच्या बंगल्याच्या कडेला असलेल्या गॅरेजचं काम सुरू झालं. शटरच्या जागी रबरी कडांचं पोलादी दार आलं, फरशीखाली प्लास्टिकचा जाड थर आला, भिंतींना आतून राखाडी लेप लागला आणि पुढच्या बाजूला दुहेरी काचेची खिडकी बसली. गाडी बघायची ती तिथूनच.

काम करून घ्यायला कंपनीनं पाठवली होती शबनम बागवान. कसबा बावड्याची मुलगी, नुकतीच इंजिनिअर झालेली. पहिल्याच दिवशी चहा घेता घेता तिनं पिशवीतून काचेची एक बाटली काढून हेमांगीपुढे धरली. बाटलीत काळे मणी होते.

"काकू, बघा हं." तिनं बाटली हातातल्या गरम कपाला टेकवून धरली. हळूहळू मणी तांबूस होत गेले. मग कप बाजूला ठेवून झाकण उघडलं तशी ते पुन्हा काळवंडू लागले.

हेमांगीचे डोळे चमकले. "ऑक्सिजन पितायत?"

"पितायत. तुम्हाला कसं कळलं?"

"रक्ताचाही रंग बदलतोच की गं. आत कुठला धातू?"

"कोबाल्ट," शबनम खूश झाली. "रक्तात लोखंडाचा अणू ऑक्सिजनला धरतो आणि सोडतो ना, तसाच इथे कोबाल्टचा. स्फटिकाच्या आत सगळी भोकंच भोकं, स्पंजासारखी. गार असताना हवेतला नेमका ऑक्सिजन धरून ठेवायचा आणि थोडं तापवलं की सोडून द्यायचा. बादलीभर मणी खोलीभर ऑक्सिजन पिऊ शकतात. आपण अशा दोन टाक्या बसवतोय. एक पीत असते तेव्हा दुसरी तापून रिकामी होते."

"आणि बाहेर पडतो तो ऑक्सिजन?"

"तो काय, मागच्या भिंतीतून पाइप काढलाय. सोडून देतो हवेत."

उदयसिंह मध्येच म्हणाले, "शबनम, दाराच्या रबराचं काय ते आधी बघूया," आणि दोघं उठून गेली. हेमांगी बाटलीकडे बघत बसली. चाळीस मुलांच्या वर्गात ही बाटली फिरवायला काय मजा आली असती!

चैत्रात यंत्रणा सुरू झाली. खोली जुनी, त्यामुळे ती काही एकदम बंद होईना. कधी फरशीच्या सांध्यातून, कधी विजेच्या तारांच्या भोकातून हवा आत झिरपत राही. शबनम आठवड्याला येऊन एकेक पाझर शोधून बुजवी आणि मणी रात्रंदिवस ऑक्सिजन ओढत राहत.

एका संध्याकाळी हेमांगी तुळशीपाशी गेली. नळी लावून काडी ओढायची नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून रोज ती आधी यंत्र बंद करी, नळी घरातच काढून ठेवी, भिंतीला धरून दोन मिनिटं तुळशीपाशी जाई आणि धापा टाकत परत येई. त्या दिवशी तिनं दिवा लावला, त्यावर उदबत्ती पेटवली, फुंकर घालून ती विझवली आणि वृंदावनाच्या कडेला खोचली. मागून 'फुस्स' असा बारीक आवाज आला, आणि उदबत्तीच्या लाल टोकानं आपोआप पेट घेतला. पांढरी, उंच ज्योत. तिनं पुन्हा विझवली. पुन्हा पेटली.

दरवर्षी सातवीच्या वर्गात तिनं हाच प्रयोग केला होता. ऑक्सिजन भरलेल्या परीक्षानळीत निखारा धरायचा आणि तो भडकला की मुलांनी ओरडायचं. हेमांगीनं मान वर केली. गॅरेजच्या मागच्या भिंतीतल्या पाइपाचं तोंड तिच्या डोक्याच्या उंचीवर, हातभर अंतरावर होतं. आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला अजून धाप लागलेली नाही.

तिनं आधी उदबत्ती पाण्यात बुडवली, दिवा विझवला. दुसऱ्या दिवसापासून दिवा देवघरात लागू लागला, आणि तुळशीपाशी आली एक प्लास्टिकची खुर्ची.

रोज सकाळी उदयसिंह गॅरेजच्या पुढच्या बाजूला काचेपाशी उभे राहून ऑक्सिजनचा आकडा किती उतरला ते बघत. त्याच वेळी मागच्या बाजूला हेमांगी पाइपाच्या तोंडाशी खुर्ची धरून उठाबशा काढत असे. आधी पाच, मग दहा. तिचा आजार बरा होणारा नव्हता. फुप्फुसं आतून ताठ होत जातात आणि त्यावर उपाय नाही, हे डॉक्टर पाध्यांनी कधीच लपवलं नव्हतं. घरातलं यंत्र बसल्या जागी पुरेल एवढाच ऑक्सिजन देई. चालायला लागलं की तो कमी पडे, म्हणून ती चालत नसे, आणि चालत नसल्यानं पाय आणखी खंगत. पाइपाशी मात्र हवा तेवढा ऑक्सिजन होता. पायांत बळ येऊ लागलं. भूक लागू लागली. वैशाखात एका दुपारी उदयसिंहांनी बघितलं तर हेमांगी लांब नळी लावून, पायरी पायरीवर थांबत, गच्चीचा जिना चढून गेली होती आणि कामवाल्या बाईंना कुरडया कशा घालायच्या ते सांगत होती.

"अगं! नवीन औषधाचा गुण आला म्हणायचा!"

"असेल," हेमांगी म्हणाली आणि कुरडयांच्या साच्याकडे वळली.

तिनं सांगितलं नाही. का, ते तिला नीट ठाऊक होतं. खोली पूर्ण बंद झाली की पाइपही गप्प होणार. आत ऑक्सिजन उरलाच नाही तर मणी पिणार काय आणि सोडणार काय? हे सांगायचं म्हणजे नवऱ्याला पेचात टाकायचं. त्यापेक्षा चार महिने मिळतायत ते घ्यावेत, असा तिनं हिशेब केला.

आषाढात शबनमनं शेवटचा पाझर बुजवला. तपासणीला माणूस आला, आकडे बघितले, दारावर मोहोर लावली. शबनम म्हणाली, "काका, आता ही खोली श्वास घेत नाही. शंभर वर्षांनी दार उघडलंत तरी गाडी आहे तशी मिळेल."

त्या रविवारी उदयसिंहांनी पेढे वाटले. जुन्या गाड्यांच्या क्लबातली मंडळी जमली. क्लबाचे अध्यक्ष बंडा शेटे हे त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र. त्यांची स्वतःची गाडी गेल्याच वर्षी जमा झाली होती. ते बराच वेळ काचेला नाक लावून उभे होते.

"नशीबवान हाईस लगा, उदय," ते म्हणाले. "एक तरी वाचली."

मागच्या अंगणात पाइप गप्प झाला होता.

श्रावण लागला तोवर हेमांगीचा गच्चीचा जिना सुटला. मग मागचं दार सुटलं. डॉक्टर पाध्यांनी दुसरं यंत्र लावायला सांगितलं. आता घरात दोन घरघरी होत्या. ती फारसं बोलत नसे, कारण बोलायला श्वास लागतो. उदयसिंह तिला भरवायला बसत, तेव्हा ती मानेनंच पुरे म्हणे.

"उन्हाळ्यात इतकी सुधारली होती हो," ते डॉक्टरांना म्हणाले. "औषध तेच, खाणं तेच. मग बिघडलं कुठं?"

डॉक्टरांनाही उलगडा होईना. "तेव्हा व्यायाम करत असल्या पाहिजेत. पण एवढा व्यायाम त्यांना झेपला कसा, हेच मला समजत नाही."

घरी परतल्यावर उदयसिंह सहज मागच्या अंगणात गेले. पावसानं शेवाळलेल्या फरशीवर प्लास्टिकची खुर्ची होती. ती तुळशीकडे तोंड करून नव्हती की बागेकडेही नव्हती. भिंतीला खेटून, पाइपाच्या बरोबर खाली होती. खुर्चीच्या पाठीला धरून धरून एका जागी रंग उडाला होता. ते तिथेच उभे राहिले. पाइपाच्या तोंडाशी त्यांनी हात धरला. काहीच येत नव्हतं.

आत येऊन ते तिच्या पलंगावर बसले. "हेमा, तू तिथे बसायचीस?"

तिनं मान हलवली.

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलून... काय झालं असतं?" तिनं दोन श्वासांत वाक्य पुरं केलं. "तुम्हाला झोप लागली नसती. मला नुसती... तुमची काळजी."

त्यांनी तिथूनच शबनमला फोन लावला. अशी आणखी एक टाकी मिळेल का? घरासाठी, बाईंसाठी? शबनमनं दोन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच आली.

"काका, मी साहेबांपर्यंत गेले. मण्यांना औषधी परवाना अजून मिळालेला नाही. आता कुठे चाचण्या सुरू आहेत. तोवर कंपनी फक्त मोहोरबंद गॅरेजसाठीच टाक्या देऊ शकते."

"आणि माझ्याकडे बसवलेल्या? त्या तर माझ्याच आहेत ना?"

"तुमच्याच. पण त्या काढल्या की आकडा चढणार, आणि चढला की मोहोर तुटल्याची खबर आपोआप सरकारी ऑफिसला जाते. मग गाडी..." ती थांबली. हेमांगी दारात उभी होती, चौकट धरून.

"मला कुणी विचारणार आहे का?" हेमांगी म्हणाली.

उदयसिंह उठले, तिला खुर्चीत बसवलं. तिनं दम जिरू दिला.

"मी बरी होणार नाही," ती म्हणाली. "वर्ष, दोन वर्षं. फार तर तीन. गाडी शंभर वर्षं राहील असं हीच म्हणाली."

"शंभर वर्षं राहून करणार काय ती?"

"चिडू नका. नीट ऐका." तिनं श्वास घेतला. "गाडी गेल्यावर तुम्ही माझ्याकडे बघाल, तेव्हा प्रत्येक वेळी तुम्हाला ती दिसेल. मला तसं नकोय."

 'नाही दिसणार' म्हणून टाकणं उदयसिंहांना सोपं होतं. पण चाळीस वर्षांच्या संसारात तिच्याशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि तिला ते लगेच कळलंही असतं.

"दिसेल," ते म्हणाले. "काही दिवस तरी दिसेलच. पण आत्ता काय होतंय माहितेय? मी रोज काचेपाशी जातो आणि तिच्याकडे बघताना मला तू दिसतेस. त्या खुर्चीवरची. मग मी कुणाकडे बघू, सांग?"

 शबनम खाली मान घालून नखं बघत राहिली.

"गाडी सोडून देतोय त्याचं वाईट वाटणारच," उदयसिंह पुढे म्हणाले. "रडूही येईल. येऊ दे. तू फक्त त्याची जबाबदारी स्वतःवर घेऊ नकोस. हे मी ठरवतोय."

जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतः पान्यानं दाराचे नट सैल केले. बाहेरची हवा सुसाट आत घुसली; तो आवाज घरात हेमांगीपर्यंत पोचला. भिंतीवरचा लाल दिवा लुकलुकू लागला आणि थोड्याच वेळात फोन आले. पहिला ऑफिसचा. त्या माणसानं दोनदा विचारलं, साहेब, चुकून तुटली का? चुकून असेल तर दुरुस्त करता येईल. उदयसिंह म्हणाले, चुकून नाही. मग दिवाळीपर्यंतची मुदत, त्यानंतर गाडी जमा, असं त्यानं सांगितलं.

ऑफिसनं क्लबालाही कळवलं होतं; दुसरा फोन शेट्यांचा होता. "डोस्कं फिरलं काय रं तुझं? शेवटची शिकरा हाय ती!"

उदयसिंहांनी कारण सांगितलं.  मग शेटे म्हणाले, "वैनींना सांग, मी येतोय भेटायला," आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस धावपळीचे गेले. शबनमनं रजा काढली. दोन्ही टाक्या गॅरेजमधून उचलून मागच्या पडवीत बसवल्या. आता त्या बाहेरची मोकळी हवा पीत होत्या आणि ऑक्सिजन थेट घरात देत होत्या. डॉक्टर पाध्ये म्हणाले, "कागदावर मी याला हो म्हणू शकत नाही. पण शुद्धता तपासून आणा आणि मण्यांची धूळ अडवायला गाळणी लावा. मग मी रोज येऊन बघत जाईन." तपासणीत ऑक्सिजन चोख निघाला. घरघरणारी दोन्ही यंत्रं बंद झाली, तेव्हा घरातली शांतता इतकी अनोळखी वाटली की दोघं नुसतीच ऐकत बसली.

मग शबनमनं आणखी एक गोष्ट केली. थोडे मणी काढून तिनं पाण्याच्या मोठ्या थर्मासएवढ्या डब्यांत भरले. डब्याच्या पोटात छोटी बॅटरी आणि तापवायची तार. मोठ्या टाकीशी जोडून ठेवला की डबा भरे आणि मग दोन-तीन तास, चालतानाही पुरेल एवढा ऑक्सिजन देई. पाठीवरच्या पिशवीत सहज मावे.

"काकू, आता तुम्ही कुठेही जाऊ शकता," ती म्हणाली. "फक्त बंद गाडीत नको. डब्यांवर मी कितीही झडपा बसवल्या तरी माझी पहिलीच खेप आहे ही. एखादा डबा जास्त तापून भसकन रिकामा झाला, तर बंद गाडीत ऑक्सिजन साठेल, आणि मग एक ठिणगी पुरते. मोकळी हवा हवी."

आजकालच्या सगळ्या गाड्या बंद, काचा न उघडणाऱ्या, आत गारवा. उदयसिंह आणि हेमांगी दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बोलली ती हेमांगी.

"सवतीला छप्पर नाही."

"काकू, ती पेट्रोलची आहे!" शबनम दचकली. मग तिनं गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या, टाकी मागे आहे, आसनं पुढे आहेत, वारा कुठून कुठे जातो ते बघितलं. डबे हेमांगीच्या पायांशी, पुढे; गाडी उभी असताना इंजिन बंद; पेट्रोल भरताना काकू गाडीत नकोत; आणि आसपास कुणी विडीसुद्धा ओढायची नाही. एवढ्या अटी घालून ती म्हणाली, "सावकाश न्या. आणि मला फोन करत राहा."

मुदत संपण्याआधी एकदा गाडी रस्त्यावर काढायला शेट्यांनी खटपट करून एका दिवसाचा परवाना आणला. पेट्रोल आता कुठे मिळत नसे. तेही त्यांनीच आणलं, एका कॅनमध्ये. "माझ्या गाडीचं होतं," ते म्हणाले. "गाडी नेली, हे राहिलं. टाकवलं न्हाई."

दसऱ्यानंतरच्या एका सकाळी शिकराचं इंजिन सुरू झालं. पहिल्या दोन प्रयत्नांत नुसतं खोकलं, तिसऱ्यात लागलं. हेमांगीनं डोक्याला स्कार्फ बांधला होता, नाकात नळी, पायांशी दोन डबे. फुलेवाडी मागे पडली, उसाची शेतं सुरू झाली. रस्त्यावरची मुलं आवाज ऐकून धावत येत होती. त्यातल्या कित्येकांनी असा आवाज आयुष्यात ऐकलाच नव्हता. एका बसथांब्यावर म्हाताऱ्यांचा घोळका उभा राहून हात हलवत होता.

उदयसिंह चाळीसच्या पुढे जात नव्हते. प्रत्येक खड्ड्याला वेग कमी करत आणि तिच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिजनमापकाच्या आकड्याकडे बघत.

"एवढ्यावर कप मिळायचे तुम्हाला?" हेमांगी म्हणाली.

"डॉक्टरांनी सांगितलंय—"

"डॉक्टर गाडीत नाहीत. साळवण गेलं. आता रस्ता चांगला आहे."

त्यांनी गिअर बदलला. शिकरानं मान खाली घातल्यासारखं केलं आणि ती झेपावली. वाऱ्यानं हेमांगीचा स्कार्फ मागे ओढला गेला. ती ओरडली. भीतीनं नव्हे. तिचं हे ओरडणं, आधी एक लांब आरोळी आणि मग हसू, उदयसिंहांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ओरडायला किती श्वास लागतो! त्यांनी आकड्याकडे बघितलं. आकडा ठीक होता. मग त्यांनी बघणंच सोडून दिलं.

गगनबावड्याच्या वर, जिथे रस्ता खाली कोकणात उतरतो, तिथे त्यांनी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. पठारभर सोनकीची पिवळी फुलं होती आणि दरीतून धुकं वर येत होतं. हेमांगी डबा पाठीला लावून खाली उतरली आणि कठड्यापर्यंत चालत गेली. उदयसिंहांचा हात धरला नाही. तिथे तिनं डोळे मिटले, आणि धुकं अंगावरून जाऊ दिलं.

"काय वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"ओलं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "एक सांगू? तुमची गाडी छान आहे हो. मी उगीच तिला नावं ठेवायची."

परत येताना उसाची शेतं लागल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि ते स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. हेमांगीनं त्यांना थांबवलं नाही, समजूतही घातली नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "चला, दुसरा डबाही अर्धा झाला," आणि ते डोळे पुसून निघाले.

दिवाळी झाल्यावर गाडी न्यायला ट्रेलर आला. तोवर डॉक्टर पाध्यांनी आणखी दोन पेशंटांची घरं सांगितली होती. शबनम संध्याकाळी येऊन त्यांचे डबे इंगवल्यांच्या पडवीत भरून नेई. औषधी परवान्याच्या अर्जाला तिनं हेमांगीच्या रोजच्या नोंदी जोडल्या होत्या. हेमांगीची फुप्फुसं मात्र होती तशीच होती, किंबहुना किंचित वाईटच. डॉक्टरांनी ते सांगितलं, आणि तिनं ऐकून घेतलं.

ट्रेलरवरच्या पोरसवदा ड्रायव्हरनं शिकराला हात लावण्याआधी उदयसिंहांकडे बघितलं. "साहेब, तुम्ही चढवता का?"

त्यांनी चढवली. पट्टे आवळले. बंडा शेटे फाटकापाशी उभे होते. त्यांनी मित्राच्या दंडाला हात लावला. ट्रेलर सुरू झाला, डावीकडे वळला आणि मुख्य रस्त्याकडे जाऊ लागला. उदयसिंह रस्त्याच्या मधोमध उभे राहून त्या राखी पाठीकडे बघत होते.

"अहो," मागून हाक आली.

हेमांगी फाटकाबाहेर आली होती. पाठीवर डबा, हातात कापडी पिशवी, पायात चालायचे बूट. "मी मंडईत जातेय. कोथिंबीर संपलीय, आणि वांगी बघते ताजी असली तर."

"एकटी?"

"मग? कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय." ती निघालीसुद्धा. उजवीकडे, झाडांखालून, सावकाश, पण न थांबता.

डावीकडे ट्रेलर अजून दिसत होता. वळणाशी तो थांबला, सिग्नल सुटायची वाट बघत. उदयसिंहांनी एकदा तिकडे बघितलं. मग ते वळले आणि उजवीकडे बघत राहिले. हेमांगी दुसऱ्या झाडापर्यंत पोचली, तिसऱ्या झाडापर्यंत पोचली. रस्त्यात कुणीतरी भेटलं, तिच्याशी दोन शब्द बोललं. ती उभ्यानंच बोलली, हसली आणि पुढे निघाली.

"चप्पल तर घालू दे!" ते ओरडले. "थांब, आलोच!"

"या की," ती न वळताच म्हणाली. "मी काही थांबणार नाही."